हदगावची परदेशी लक्ष्मी

“कडेनं धरा, कडेनं!”

हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा माणूस आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत शोधून सापडला नसता. नाणं, फोटो, सीडी, इतकंच काय, कॅन्टीनमधली गरम पुरी जरी कुणी उचलली तरी मागून सरांचा आवाज यायचा. मधोमध बोट टेकवणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. बोटाला घाम असतो, घामात मीठ असतं, मीठ धातूला खातं. पुरीला ते मीठ काय करतं हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सर धातुशास्त्र शिकवायचे. मी इंजिनिअरिंग ड्रॉइंग. आमचं कॉलेज नांदेडहून विष्णुपुरीकडं जाताना लागतं. फार नावाजलेलं नाही, म्हणून नाव सांगत नाही. मी नवीन लागलो तेव्हा सरांनी कौतुकानं मला निजामाच्या काळातला तांब्याचा एक पैसा दाखवला. मी नुकतीच मिरचीची भजी खाल्ली होती. त्याच बोटांनी, बरोबर मधोमध, मी तो पैसा उचलला आणि वर उजेडाकडं धरून “वा!” म्हणालो. सरांनी पैसा घेतला, प्रयोगशाळेत गेले, धुऊन पुसून परत आले आणि शांतपणे म्हणाले, “तुला परत दाखवीन. पाच-सहा वर्षांनी.”

आणि खरंच तेवढी वर्षं दाखवला नाही.

तुम्हीही असे छंदी लोक पाहिले असतील. त्यांच्यापाशी जे असतं त्यावर त्यांचा जीव नसतो. सरांपाशी निजामाचे पैसे होते, आणे होते, चांदीचे काही रुपये होते. जीव होता तो अमेरिकेत. तिकडं कॅलिफोर्निया म्हणून मुलुख आहे, तिथं दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी नदीच्या वाळूत सोनं सापडलं आणि जग तिकडं धावलं, त्या काळातली सोन्याची नाणी हा सरांचा खरा विषय. त्यांनी त्यातलं एकही पाहिलेलं नव्हतं. हैदराबादच्या फुटपाथवर घेतलेला, पुढची-मागची पानं गळालेला एक कॅटलॉग, एवढीच त्यांची अमेरिका. पासपोर्टसुद्धा काढलेला नव्हता.

पण सांगायचे असं, की वाटावं हे परवाच तिकडून आलेत.

“सोनं पोत्यानं, आणि नाणं एक नाही! मग दुकानदार काय करायचे? चिमटीनं सोन्याची भुकटी घ्यायचे. एक चिमूट दिली की जेवण. म्हणून नोकर ठेवताना जाड बोटांचा बघून ठेवायचे.” इथं ते माझ्या बोटांकडं बघायचे. “तुला लगेच घेतलं असतं.”

मग लोकांनी आपापली नाणी पाडायला घेतली, त्यात एक तर अष्टकोनी होतं, मग सरकारनं सॅन फ्रान्सिस्कोला टांकसाळ काढली, आणि तिथल्या नाण्यावर मागच्या बाजूला, गरुडाच्या शेपटीखाली, बारीकसं इंग्रजी ‘एस’ हे अक्षर उमटवायला लागले. त्या अक्षरापाशी सरांचा आवाज खाली यायचा. बाकीची नाणी दुसऱ्या गावांच्या टांकसाळीतली, कुठल्याही सोन्याची. एस असेल तर त्या वाळूतलं सोनं.

त्यांच्या वाढदिवसाला मी आगाऊपणा केला. इंटरनेटवर अगदी तसं नाणं दिसलं. “अस्सल, संग्राहकांसाठी” असं लिहिलेलं होतं आणि किंमत माझ्या खिशाला झेपत होती. या दोन गोष्टी एकत्र असू शकत नाहीत हे ड्रॉइंगच्या मास्तरला कळायला हवं होतं. मी सगळ्या स्टाफरूमसमोर डबी उघडली. सरांनी कडेनं धरून नाणं उचललं, टेबलावरचं लोहचुंबक जवळ नेलं. नाणं टणकन उडी मारून चुंबकाला चिकटलं.

“लोखंड आहे,” सर म्हणाले. “पण कडा छान आहेत.”

पुढं ते नाणं कायम त्यांच्या खिशात असायचं. प्रयोगशाळेतल्या यंत्रांचे स्क्रू त्यानं फिरवायचे.

आता मुद्द्यावर येतो.

सर दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मिश्रधातू शिकवत होते. शुद्ध सोनं मऊ असतं, म्हणून नाण्यात तांबं घालतात, हे सांगायला त्यांनी पडद्यावर त्यांच्या लाडक्या नाण्याचं चित्र लावलं. डावीकडं बघणारा बाईचा चेहरा, कपाळावर पट्टी, मागं अंबाडा, मानेवर बटा, भोवती चांदण्या. हदगावकडची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, ही बाई आमच्या देवघरात आहे.”

वर्ग खदखदून हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला.

मुलीनं सांगितलं ते असं. ही त्यांची लक्ष्मी. कुणा आजोबा-पणजोबानं आणलेली. चांदीच्या पत्र्यावर बसवून तिचा टाक केलेला आहे, बाकीच्या देवांच्या टाकांबरोबर तीही पुजली जाते. आणि घरात सध्या वाटणी चालू आहे. तिचे वडील थोरले, काका धाकटे. शेत वाटून झालं, भांडी वाटून झाली, अंगणात पत्र्याची भिंत उभी राहिली, आणि लक्ष्मी एकच असल्यामुळं येत्या आठवड्यात हदगावच्या सोनाराकडं नेऊन ती मधोमध कापायची ठरली आहे. अर्धी इकडं, अर्धी तिकडं.

सरांनी तास अर्ध्यावर सोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी मी माझ्या गाडीतून त्यांना हदगावला नेलं. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीन होतं. सर एकदाच म्हणाले, “बहुतेक इंग्रजांचं गिनी नाणं असणार. लोकांना सगळ्या बाया सारख्याच दिसतात.” थोड्या वेळानं स्वतःलाच म्हणाले, “पण अंबाडा म्हणाली ती.”

घरी थोरले आणि धाकटे दोघंही होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते. काही सांगायचं झालं की मधल्या पत्र्याकडं बघून सांगायचे. त्यांची आई उंबऱ्याशी बसली होती. तिनं ताटात तांदूळ घालून त्यावर टाक आणला.

सरांनी आधी हातपाय धुतले. मग ताटासमोर मांडी घालून बसले, चष्मा पुसला आणि वाकले. तीच ती बाई. आपल्या जुन्या चांदीच्या रुपयाहून जराशी मोठी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हळदी-कुंकवाच्या बोटांनी नाक झिजलेलं, पट्टीवरची अक्षरं पुसट झालेली, पण तीच. खाली साल होतं: एक, आठ, पाच, आणि चौथ्या आकड्यावर सोनारानं दिलेल्या डागाचा, म्हणजे जोडाचा, चांदीचा थेंब बसलेला. मागची बाजू अख्खी पत्र्याखाली. तिथं गरुड होता, आणि गरुडाखाली एक तर एस होतं किंवा नव्हतं.

सर हळूच म्हणाले, “भेटलात का शेवटी?” हे ते नाण्याला म्हणाले. मी ऐकलं.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण माझ्या हातात फोन होता, आणि फोनला नेमकी तेव्हाच रेंज आली. मी शोधलं, वाचलं आणि मोठ्यानं म्हणालो, “अहो, असल्या एका नाण्याला अमेरिकेत कोटीच्या वर किंमत आलीय!”

स्वयंपाकघरांतून, दोन्हींतून, दोघी जावा बाहेर आल्या.

“काढा तो मागचा पत्रा,” थोरले म्हणाले.

“आत्ताच्या आत्ता काढा,” धाकटे पत्र्याच्या भिंतीला म्हणाले. “सोनाराला फोन लावतो मी.”

“त्यानं कशाला लावायचा? लक्ष्मी थोरल्याकडं ऱ्हायचा रिवाज हाय.”

“काल कापून घ्यायला निघाले तवा रिवाज कुठं गेल्ता म्हणावं?”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी भज्यांच्या दिवशी पाहिली होती. परिस्थिती सावरावी म्हणून मी सुचवलं, “सर, एक्स-रे काढू या का? माझा एक मित्र डॉक्टर आहे.”

“सोन्याचा दात असलेल्या माणसाचा एक्स-रे बघितलायस कधी? पांढरा गोळा दिसतो. तू आता चहा पी.”

चहा दोन्ही घरांतून आला. सरांना मधुमेह होता, तरी त्यांनी दोन्ही घेतले. मग दोघा भावांना समोर बसवलं.

“हे म्हणाले ती कोटीची गोष्ट खरी आहे,” ते म्हणाले, “पण ह्यांना अर्धवट वाचायची सवय आहे. ती किंमत न घासलेल्या, न जोडलेल्या, अगदी मोजक्या सालांतल्या नाण्याची. तुमच्या लक्ष्मीला डाग दिलेला आहे. तो सोडवायचा तर आच द्यावी लागेल. आच दिली की मागची बाजू बिघडणार. मागं काय आहे ते कळेल, पण कळून किंमत वाढायची नाही. सोन्याचं जे मोल आहे त्याहून थोडंफार जास्त, इतकंच.”

“कोटी न्हाई म्हणता?” धाकट्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

“कोटी नाही.”

“मग कापाच,” थोरले म्हणाले. “भानगडच नको.”

सरांनी बशीत चहा ओतला. दोघंही त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं आता हे इतिहास सांगणार, संस्कृती सांगणार. त्यांनी विचारलं, “विहिरीचं काय केलं तुम्ही?”

“कोणत्या विहिरीचं?”

“शेतातल्या. तीही निम्मी-निम्मी केली असेल. मधून भिंत घातली का?”

“विहिरीत भिंत घालतेत का सर?” थोरल्यांना हसू आवरेना. “विहीर सामाईक हाय. दोन दिवस माझी मोटर, दोन दिवस ह्याची.”

“पाळीनं?”

“पाळीनंच की. न्हाईतर पाणी कुणालाच न्हाई ऱ्हायचं.”

सर बशीवर फुंकर मारत राहिले. उंबऱ्याशी बसलेली आई तेवढ्यात पहिल्यांदा बोलली, “मी तेच इचारायले कवापासून. कापून आणली की कोण काय पुजणार? डोळा ह्याच्या घरात अन् अंबाडा त्याच्या घरात? मी नाकाला कुकू कुठं लावू, पत्र्याला?”

धाकट्यांची बायको पदर तोंडाला लावून हसली. मग तिकडं थोरलीही हसली. दोघी एकमेकींकडं न बघता हसत होत्या, ते बघून मलाही हसू आलं, पण माझी पत गेलेली असल्यामुळं मी हसलो नाही.

ठरलं असं. दिवाळीच्या पाडव्यापासून पाडव्यापर्यंत लक्ष्मी एका घरी, पुढचं साल दुसऱ्या घरी. डाग कुणी काढायचा नाही. राहिला प्रश्न नेण्या-आणण्याचा. दोघं बोलत नव्हते. एकानं द्यायची आणि दुसऱ्यानं घ्यायची तर आधी पत्र्याच्या पलीकडं कोण जाणार?

“सरांनी न्यायची,” थोरले म्हणाले.

“हाव. सर जे करताल ते मान्य,” धाकटे म्हणाले. त्या घरात बऱ्याच महिन्यांत एकमतानं मंजूर झालेला हा पहिला ठराव होता.

परत येताना मी सरांना विचारलं, “तुम्ही जरा जोर केला असता तर पत्रा निघाला असता. बघायचं नव्हतं का तुम्हाला?”

“समोर बघून गाडी चालव,” ते म्हणाले.

त्यानंतर दर पाडव्याला आम्ही हदगावला जायला लागलो. लोक पाडव्याला बायकोकडून ओवाळून घेतात. सर सकाळीच ओवाळून घेऊन, नवा शर्ट घालून माझ्या दारात उभे. तिकडं एका घराच्या देवघरातून टाक उचलायचा, अंगणातून पत्र्याला वळसा घालायचा आणि दुसऱ्या देवघरात ठेवायचा. एवढंच काम. पण सर ते असं करायचे, की दोन्ही घरं अंगणात उभी राहून बघायची. ठेवण्याआधी ते थोडा वेळ टाक हातात घेऊन बसायचे. धाकट्यांच्या लेकरांना त्या वाळूतल्या सोन्याच्या गोष्टी सांगायचे. थोरल्यांच्या घरातली माणसं पत्र्यापलीकडून ऐकायची आणि मधूनच विचारायची, “मंग त्या जाड बोटाच्या माणसाचं काय झालं?”

परतीच्या वाटेवर सरांचा अंदाज दर साली बदलायचा. एका साली म्हणायचे, एस असणारच. त्या काळात इकडचा कापूस मुंबईला जायचा, त्याचे पैसे सोन्यात यायचे, ह्यांच्या पणजोबांच्या गाड्या नक्की गेल्या असणार. पुढच्या साली म्हणायचे, नसेल बहुतेक. “इतकं नशीब कुणाचं असतं? आणि माझं?”

मी एकदा म्हणालो, “सर, असं समजा की आहे.”

“धातुशास्त्रात समजायचं नसतं,” ते म्हणाले. थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, “पण तू म्हणतोस तसं असेलही.”

निवृत्त झाल्यावर सर लातूरला मुलीकडं राहायला गेले. मला वाटलं, आता हदगाव सुटलं. पण पाडव्याच्या आदल्या दिवशी ते लातूरहून एसटीनं यायचे, माझ्याकडं मुक्काम करायचे आणि सकाळी तयार. एका साली त्यांचा गुडघा इतका सुजला होता, की त्यांना गाडीत मीच बसवलं आणि हदगावला दोघा भावांनी उतरवलं, एक इकडून आणि एक तिकडून. टाक हातात घेऊन पत्र्याला वळसा घालताना मात्र त्यांनी कुणाचा हात धरला नाही.

गेल्या पावसाळ्यात लातूरलाच सर वारले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. मी अंत्यविधीला जाऊन आलो. हदगावला कळवायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

दिवाळीच्या आधी थोरल्यांचा फोन आला. “सर कधी येतेत? गुडघा कसा हाय? म्हणावं औंदा खुर्ची आणून ठिवली.”

मी सांगितलं. त्यांनी कधी, कसं ते विचारून घेतलं. मग ते म्हणाले, “तुम्ही या मंग.”

मी हो म्हणालो, आणि माझ्या लौकिकाला साजेसं केलं. लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मध्ये कधी एक दिवस रिकामा येतो, कधी येत नाही. आदल्या साली आला होता. मी याही साली तो धरूनच चाललो. कॅलेंडर भिंतीवर होतं, पण बघितलं कुणी? नवा शर्ट घालून मी हदगावला पोचलो तेव्हा दारात दोघा भावांची बहीण त्यांना ओवाळायला आलेली होती. म्हणजे भाऊबीज होती. पाडवा काल होऊन गेला होता.

“काल संध्याकाळपोत वाट पाहिली तुमची,” थोरले म्हणाले. “फोन बी लागंना. दिवेलागण झाली. मंग काय करावं? आणली मीच इकडं.” ते धाकट्यांच्या ओसरीवर, खुर्चीत बसून हे सांगत होते.

“घेतली मीच,” धाकटे म्हणाले.

“काय बोललात मग एकमेकांशी?” मी विचारलं.

“काय बोलायचं?” थोरले म्हणाले. “म्हणलं, सर गेले रे.”

आईनं आत बोलावलं. देवघरात लक्ष्मी होती, नाकावर ताजं कुंकू. म्हातारीनं मला बसायला पाट दिला आणि आवाज खाली आणला.

“तुमाला म्हणून सांगते. दोन साल झाले आसतेल. पोरं बाहीर व्हते. म्या सरायला म्हणले, मागून पाहायचं हाय ना तुमाला? न्या सोनाराकडं, काढा पत्रा, पाहा, पुन्हा बसवून आणा. म्या कुणाला सांगत न्हाई. तुमचा जीव आडकलाय त्याच्यात, मला दिसत न्हाई का?”

“मग?”

“हासले. म्हणले, माय, पाहिलं अन् ते अक्षर नसलं तर? म्या म्हणले, अन् आसलं तर? तर म्हणले, तरीबी तेच. मंग दर पाडव्याला मी इथं कोणत्या कामानं येऊ?”

मी टाकाला नमस्कार केला. मग जेवलो. दोन्ही घरी जेवावं लागलं. सरांच्या वेळी चहावर भागायचं. निघताना दोघं भाऊ गाडीपर्यंत आले.

“पुढच्या साली तारीख पाहून येताल ना?” धाकट्यांनी टोमणा मारला.

मी म्हणालो, “आता तुम्हीच देता, तुम्हीच घेता. माझं काय काम?”

“काम कोण म्हणलं?” थोरले म्हणाले. “या म्हणायलो.”